हरितगृह-आच्छादन फिल्म

हरितगृह-आच्छादन फिल्म : पिकांभोवतीचे तापमान, आर्द्रता, प्रकाश व वारा यांवर नियंत्रण ठेवता यावे म्हणून उभारलेल्या सांगाड्यावर ताणून बसविण्यात येणाऱ्या पारदर्शक वा पारभासी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यास हरितगृह-आच्छादन फिल्म म्हणतात. अशा फिल्मने आच्छादिलेल्या हरितगृहास महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे ‘पॉलिहाऊस’ असे म्हणतात. फिल्मची जाडी सामान्यतः १०० ते २०० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. भारतात २०० मायक्रॉन जाडीची फिल्म विशेष प्रचारात असून व्यवहारात तिला ‘८०० गेज’ असेही संबोधितात. पॉलिहाऊसच्या एकूण खर्चाचा मोठा भाग लोखंडी सांगाड्यावर होतो आणि सांगाडा अनेक वर्षे टिकतो. फिल्म मात्र काही वर्षांनी बदलावी लागते. तथापि पिकापर्यंत किती व कसा प्रकाश पोहोचणार, रात्री किती उष्णता टिकणार व रोगकिडींना कितपत अटकाव होणार हे बव्हंशी फिल्मच ठरविते. यामुळे तिचे गुणधर्म समजून घेणे, विशेषतः कर्ज काढून पॉलिहाऊस उभारणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने, फार महत्त्वाचे आहे.

इतिहास : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हरितगृहे प्रामुख्याने काचेचीच असत. काच जड, ठिसूळ व महाग असल्याने तिला भक्कम सांगाडा लागे. इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट व रेजिनल्ड गिब्सन यांना १९३३ मध्ये उच्च दाबाखाली एथिलीन वायूवर प्रयोग करीत असताना पॉलिएथिलीन हे बहुवारिक (लहान रेणूंच्या साखळीने बनलेला प्रचंड रेणू) अनपेक्षितपणे मिळाले. १९३९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले व दुसऱ्या महायुद्धात ते मुख्यतः रडारच्या केबलींतील विद्युत् निरोधनासाठी वापरण्यात आले. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातील ई. एम. एमर्ट यांनी १९४८ मध्ये काच परवडत नसल्यामुळे सेल्युलोजापासून बनविलेली फिल्म वापरून हरितगृह उभारले व पुढे पॉलिएथिलिनाचा वापर केला. जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात पॉलिव्हिनिल क्लोराइडाच्या फिल्मचा प्रसार झाला. अमेरिकेतील रटगर्झ विद्यापीठात विल्यम रॉबर्ट्‌स यांनी १९६४ मध्ये दोन फिल्मच्या दरम्यान पंख्याने हवा भरून फुगविण्याची पद्धत प्रचारात आणली. मधल्या हवेच्या थरामुळे थंड प्रदेशांत इंधनाची मोठी बचत होऊ लागली. स्पेनमधील आल्मेरिया या कमी पावसाच्या प्रांतात प्लॅस्टिक हरितगृहांनी सु. ३० हजार हेक्टर क्षेत्र व्यापिलेले असून उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांत ते पांढऱ्या पट्ट्यासारखे दिसते.

भारत सरकारने शेतीतील प्लॅस्टिकच्या वापरासंबंधी १९८१ मध्ये एक राष्ट्रीय समिती नेमली. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून पॉलिहाऊससाठी अनुदान मिळू लागल्यावर महाराष्ट्रात त्यांचा वेगाने प्रसार झाला. पुणे जिल्ह्यातील मावळ भागातील गुलाबाची फुले परदेशी जातात. नासिक, सातारा, सांगली, कोल्हापूर इ. जिल्ह्यांत जरबेरा, कार्नेशन, रंगीत ढोबळी मिरची यांची लागवड पॉलिहाऊसमध्ये होते.

द्रव्ये व निर्मिती : आच्छादनासाठी मुख्यतः कमी घनतेचे पॉलिएथिलीन वापरतात. त्याची घनता घ. सेंमी.ला सु. ०·९२ ग्रॅ. असल्याने २०० मायक्रॉन जाडीच्या एक चौ. मी. फिल्मचे वजन सु. १८४ ग्रॅ. भरते. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचे छत व बाजू मिळून १,५०० चौ. मी. फिल्म लागली, तर तिचे वजन सु. २७६ किग्रॅ. होईल. फिल्म वजनावर विकली जात असल्यास या साध्या हिशोबाने जाडीची पडताळणी करता येते. एथिलीन व व्हिनिल ॲसिटेट यांच्या सहबहुवारिकाची (दोन भिन्न रेणूंच्या संयोगाने बनलेल्या बहुवारिकाची) फिल्म अधिक लवचिक व पारदर्शक असते आणि रात्रीची उष्णता अधिक चांगली अडविते. परंतु उष्ण हवेत ती हळूहळू ताणून सैल पडते. पॉलिव्हिनिल क्लोराइडाची फिल्म उष्णता उत्तम अडविते. तथापि तिला नरमपणा आणण्यासाठी घातलेली द्रव्ये पृष्ठभागावर येऊन तिच्यावर धूळ चिकटते आणि ती जाळल्यास हायड्रोक्लोरिक अम्लाचे वायू बाहेर पडतात. एथिलीन टेट्राफ्ल्युओरोएथिलीन ही फ्ल्युओरीनयुक्त फिल्म पंधरा वर्षांहूनही अधिक टिकते, परंतु फार महाग पडते. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात २००१ मध्ये खुल्या झालेल्या ईडन प्रकल्पाच्या विशाल घुमटांवर तिचेच आच्छादन आहे.

वितळविलेले प्लॅस्टिक वर्तुळाकार फटीतून बाहेर ढकलून व हवेने फुगवून त्याची रुंद नळी तयार करतात आणि ती थंड झाल्यावर कापून फिल्म मिळवितात. आधुनिक फिल्म तीन, पाच वा अधिक थर एकाच वेळी बाहेर काढून बनवितात. यामुळे बाहेरच्या थरात धूळप्रतिबंधक, मधल्या थरांत उष्णतारोधक व आतल्या थरात थेंबरोधक अशी समावेशक द्रव्ये (मूळ द्रव्याचे गुण सुधारण्यासाठी मिसळण्यात येणारी द्रव्ये) हव्या त्या जागी घालता येतात. अशा फिल्मची आतली व बाहेरची बाजू ठरलेली असते आणि ती फिल्मवर छापलेली असते; ती उलटी बसविल्यास हे गुण वाया जातात.

प्रकाशाचे पारगमन : वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मायक्रॉनचा हजारावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. पॉलिएथिलिनाचा प्रणमनांक सु. १·५१ असल्याने लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापैकी सु. ४% प्रत्येक पृष्ठभागाशी परावर्तित होतो. दोन पृष्ठभाग मिळून सु. ८% प्रकाश असा परत जातो. म्हणजेच कितीही स्वच्छ फिल्म घेतली, तरी ९२ टक्क्यांहून फारसा अधिक प्रकाश आत येऊ शकत नाही. नवीन फिल्मच्या बाबतीत हे प्रमाण सामान्यतः ८५ ते ९० टक्के असते. सांगाड्याची सावली, धूळ, साचलेले पाणी व फिल्मचे जीर्ण होणे यांमुळे ते आणखी घटते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात प्रकाशाचे आधिक्य असते व शेडनेट पसरून तो कमी करावा लागतो. उलट पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत तो अपुरा पडतो. यास्तव पावसाळ्यापूर्वी छतावरील धूळ धुऊन काढणे हितावह असते.

प्रकाश किती येतो याइतकेच तो कसा येतो हेही महत्त्वाचे आहे. स्वच्छ फिल्ममधून सूर्यकिरण सरळ आत येतात. त्यामुळे वरची पाने तापतात व खालची पाने सावलीत राहतात. प्रकाश विखुरणारी द्रव्ये घातलेल्या दुधी फिल्ममधून तोच प्रकाश विसरित होऊन (निरनिराळ्या दिशांना विखुरला जाऊन) येतो, सावल्या पुसट होतात व झाडाच्या खालच्या पानांपर्यंत प्रकाश पोहोचतो. प्रखर उन्हाच्या प्रदेशात विसरित प्रकाश देणारी फिल्म बहुधा श्रेयस्कर ठरते. केवळ डोळ्यांना दुधी दिसते म्हणून अशी फिल्म कमी प्रकाश देते, हा समज बरोबर नाही. कारण डोळ्यांना दुधी दिसणे हे विखुरण्याचे लक्षण आहे, अडविण्याचे नव्हे.

उष्णतेचे नियमन : हरितगृह तापण्याचे मुख्य कारण काच वा प्लॅस्टिक दीर्घ तरंगलांबीचे उष्णता-प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) अडविते हे होय, अशी समजूत पूर्वी दृढ होती. अमेरिकन भौतिकीविज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये दोन सारख्या पेट्यांपैकी एकीवर काच व दुसरीवर असे प्रारण जाऊ देणाऱ्या सैंधवाची तबकडी बसवून प्रयोग केला, तेव्हा दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. यावरून दिवसा आतील तप्त हवा बाहेरच्या हवेत मिसळू न देणे हेच आच्छादनाचे प्रमुख कार्य आहे, हे स्पष्ट झाले. उन्हाळ्यात छताच्या माथ्यावरील व बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवण्यावर भर का देतात, हे यावरून ध्यानात येईल.

रात्री मात्र प्रारणाचे महत्त्व वाढते. जमीन व झाडे मुख्यतः ७ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त (तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य) प्रारण बाहेर टाकतात. काच ते जवळजवळ पूर्णपणे अडविते. साध्या पॉलिएथिलीन फिल्ममधून त्याचा बराच मोठा भाग थेट आकाशाकडे निघून जातो. निरभ्र व निवांत रात्री यामुळे साध्या फिल्मखालील तापमान बाहेरच्यापेक्षाही थोडे खाली गेल्याचे आढळते, कारण बाहेरच्या झाडांना वाऱ्यामुळे वरच्या उबदार हवेचा लाभ मिळतो व आतल्या झाडांना तो मिळत नाही. केओलीन, टाल्क यांसारखी खनिजे वा व्हिनिल ॲसिटेट यांचा समावेश केलेल्या ‘औष्णिक’ फिल्ममध्ये ही हानी पुष्कळ कमी होते. थंडीच्या दिवसांत गारठा पडणाऱ्या पठारी भागांत या गुणाचा विशेष उपयोग होतो.

दवबिंदू व थेंबरोध : रात्री आतील बाष्पाचे थंड फिल्मवर संघनन होते. पाण्याचा पृष्ठताण जास्त व पॉलिएथिलिनाची पृष्ठऊर्जा कमी असल्याने पाणी फिल्मवर न पसरता थेंबांच्या रूपाने राहते. हे थेंब सकाळचा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतात आणि पिकावर ठिबकून करडी बुरशी, केवडा यांसारख्या रोगांना आमंत्रण देतात. ग्लिसरॉलाची एस्टरे इ. पृष्ठक्रियाकारके फिल्ममध्ये मिसळली असता ती हळूहळू पृष्ठभागावर येतात; पाणी पातळ थराच्या रूपात पसरते व छताच्या उतारावरून वाहून जाते. मात्र ही द्रव्ये पाण्याबरोबर धुतली जात असल्याने थेंबरोधाचा गुण बहुधा फिल्मच्या आयुष्याअगोदरच संपतो. तसेच छताला पुरेसा उतार नसल्यास त्याचा लाभ मिळत नाही.

जंबुपार किरणांचे नियंत्रण : पांढरी माशी, फुलकिडे व मावा यांना मार्ग व आश्रयवनस्पती शोधण्यासाठी जंबुपार (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांची मदत होते. सु. ३८० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणाऱ्या फिल्मखाली या किडींचा वावर व त्यांनी पसरविलेले विषाणुरोग कमी आढळतात. करडी बुरशी आणणाऱ्या कवकाच्या बीजुकनिर्मितीसही या किरणांअभावी आळा बसतो. लाल गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा काळ्या पडण्याचे प्रमाणही घटते. उलटपक्षी वांग्याच्या जांभळ्या रंगास हे किरण आवश्यक असल्याने अशा फिल्मखाली वांगी फिकट राहतात. मधमाश्यांनाही जंबुपार प्रकाश दिसत असल्यामुळे ज्या पिकांत परागीभवनासाठी त्यांच्यावर विसंबावे लागते, तेथे ही फिल्म विचारपूर्वक निवडावी लागते. सारांश, सर्व पिकांना उत्तम अशी एकच फिल्म नाही.

यांत्रिक गुणधर्म : ताणबल, तुटण्यापूर्वीची ताणवाढ, फाटण्यास होणारा विरोध व आघात सोसण्याची क्षमता हे मुख्य यांत्रिक गुण होत. ताशी १०० किमी. वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौ. मी.ला सु. ४७ किग्रॅ. वजनाइतका असतो. सैल फिल्म अशा वाऱ्यात फडफडते, सांगाड्यावर घासते व फाटते. पॉलिएथिलीन तापमानाबरोबर बरेच प्रसरण पावते. ३०° से. फरकाने १० मी. लांबीची फिल्म सु. ६ सेंमी.ने लांबते. त्यामुळे पहाटेच्या गारव्यात बसविलेली फिल्म दुपारी सैल पडते. तर भर उन्हात कमालीची ताणून बसविलेली फिल्म रात्री आकुंचन पावून पकडीपाशी अतिताणाखाली येते. म्हणून मध्यम तापमान असताना व वारा नसताना ती ॲल्युमिनियमाच्या प्रोफाइलमध्ये झिगझॅग स्प्रिंगने बसवितात.

जीर्णता व टिकाऊपणा : ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची ऊर्जा दर मोलला सु. ४०० किलोजूल असते, तर कार्बन-कार्बन बंध तोडण्यास सु. ३५० किलोजूल पुरतात. शुद्ध पॉलिएथिलीन हे किरण फारसे शोषत नाही. परंतु निर्मितीच्या वेळी उष्णतेने त्यात उत्पन्न झालेले ऑक्सिजनयुक्त गट व इतर अशुद्ध द्रव्ये ते शोषतात. त्यातून मुक्त मूलक (अत्यंत विक्रियाशील रेणुखंड) निर्माण होऊन हवेतील ऑक्सिजनाशी साखळी विक्रिया सुरू होते, लांब रेणू तुटतात व फिल्म ठिसूळ बनते. स्थिरीकारक न घातलेली फिल्म आपल्याकडील उन्हात एक वर्षही धड टिकत नाही. स्थिरीकारकांचे तीन प्रकार आहेत : बेंझोफिनोनासारखी द्रव्ये किरण स्वतः शोषून घेतात, पूर्वी अधिक प्रचारात असलेली निकेलाची संयुगे उत्तेजित रेणूंची ऊर्जा काढून घेतात व फिल्मला पिवळट-हिरवी छटा देतात, तर १९७० नंतरच्या दशकात पुढे आलेली अवरोधित अमाइने मुक्त मूलकांचा नाश करतात व हे कार्य पुनःपुन्हा करू शकतात.

अवरोधित अमाइने क्षारकीय (अम्लाशी विक्रिया करणारी) असल्याने अम्लामुळे निष्प्रभ होतात. भुरी रोगासाठी गंधकाची धुरी दिल्यास किंवा गंधक व क्लोरीन असलेली कीटकनाशके वारंवार फवारल्यास त्यांचे अवशेष फिल्मवर साचून त्यांपासून अम्ले बनतात व चार वर्षे टिकावी अशी फिल्म पुष्कळ आधी फाटते. यास्तव उत्पादक हमीपत्रात फिल्ममधील गंधक व क्लोरीन यांची कमाल मर्यादा नमूद करतात. भरपाईची मागणी आल्यास तुकड्याचे रासायनिक पृथक्करण करून ती मर्यादा ओलांडली गेली किंवा नाही, हे पाहिले जाते. ज्याने रोगापासून पीक वाचविण्यासाठी प्रामाणिकपणे गंधक वापरले, त्याचीच मागणी अशा वेळी नाकारली जाण्याचा संभव असतो. म्हणून गुलाबासारख्या भुरीग्रस्त पिकासाठी गंधकरोधी स्थिरीकारकांची फिल्म घेणे व फवारणीची नोंद ठेवणे हाच उपाय होय. उन्हाने तापलेल्या लोखंडी नळांना टेकणारी फिल्मही तेथे लवकर कुजते. त्या जागी नळांना पांढरा रंग देतात.

आयुर्मानाचे मापन : तुटण्यापूर्वीची ताणवाढ मूळच्या निम्म्यावर आली, की फिल्मचे आयुष्य संपले असे ईएन १३२०६ या यूरोपीय मानकात धरतात. उदा., नवी फिल्म ५००% ताणली जात असेल, तर २५०% ही तिची अखेरची मर्यादा. ती डोळ्यांना चांगली दिसत असली, तरी पुढील वादळात तिचा भरवसा नसतो. टिकाऊपणा वर्षांपेक्षा एकूण सौर प्रारणात सांगणे अधिक शास्त्रीय आहे. यासाठी किलोलँग्ली (दर चौ. मी.ला ४१·८४ मेगॅजूल) हे एकक वापरतात. नेदर्लंड्समध्ये वर्षाला दर चौ. मी.वर सु. १,००० किलोवॉट-तास, म्हणजे सु. ८६ किलोलँग्ली प्रारण पडते. महाराष्ट्रात ते १,८०० ते २,००० किलोवॉट-तास, म्हणजे सु. १५५ ते १७० किलोलँग्ली असते. म्हणून ४०० किलोलँग्ली सोसणारी फिल्म तेथे साडेचार वर्षे टिकली, तरी येथे ती सु. अडीच वर्षांतच त्या मर्यादेला पोहोचेल. उष्णतेमुळे हा काळ आणखी घटू शकतो. हमीपत्रावरील वर्षे कोणत्या प्रदेशासाठी आहेत, हे त्यामुळे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे लागते.

विल्हेवाट : काढलेली फिल्म शेतात जाळणे वा पुरणे अयोग्य आहे. माती, पाणी व कीटकनाशकांचे अवशेष यांमुळे तिचा पुनर्वापर काहीसा कठीण असला, तरी ती स्वच्छ करून, वितळवून तीपासून कमी प्रतीच्या वस्तू करता येतात. बांधावर सोडून दिलेली फिल्म उन्हाने ठिसूळ होऊन तिचे सूक्ष्म कण मातीत मिसळतात व तेथे दीर्घकाळ राहतात. फिल्म ठिसूळ होण्यापूर्वीच उतरविली, तर ती अखंड हाती लागते व पुनर्वापरासाठी अधिक मोलाची ठरते. अशा प्रकारे योग्य वेळी फिल्म बदलणे हे पीक, सांगाडा व जमीन या तिहींच्या दृष्टीने हितकारक असते.